जुन्या क्लॅरिनेटची किंमत

डोंगरकडा हे आमचे गाव. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका. केळीचे आणि उसाचे गाव. येथे रात्री जेवणे उरकली की आमचा वर्ग भरतो. वर्गात सासवा येतात, सुना येतात, दोन-तीन म्हातारे गडीही येतात. कुणाला सही शिकायची असते, कुणाला एस.टी.ची पाटी वाचायची असते.

एके रात्री आमच्या वर्गातील एक आजी काखेत काळी पेटी घेऊन आल्या. पेटी हातभर लांब, कातडे उसवलेले, एक कडी तुटलेली. त्यांनी ती आमच्यापुढे ठेवली व म्हणाल्या, “गुरुजी, हे बगा. भंगारवाला सातशे रुपये द्यायलाय. देऊ का?”

पेटी उघडली. आत क्लॅरिनेट होता. आजींचे यजमान बँडमध्ये होते. चाळीस वर्षे त्यांनी लग्नांत, वरातींत, गणपतीत क्लॅरिनेट वाजवला. बँडवाले त्याला ‘क्लारनेट’ म्हणतात. ते वारले, आणि पेटी माळ्यावर गेली.

सातशेला द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न असता तर हा पाठ लिहावा लागला नसता. पण घरात दुसरेच काही घडले होते. आजींना दोन मुलगे. त्यांच्या चुलतभावाने मोबाइलवर पाहून सांगितले की, असला बाजा दोन लाखांना जातो. झाले! थोरला म्हणू लागला, मायला मी सांभाळतो, बाजा माझा. धाकटा म्हणू लागला, बापासंगं मी वाजवायला जात होतो, बाजा माझा. पंधरा दिवस दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आजी म्हणाल्या, “दोन लाख आले बी न्हाईत, आन घर मातुर फुटायलंय.”

तेव्हा आम्ही म्हटले, आजी, आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवू. आधी या बाजाची किंमत काढू. सातशे खरे की दोन लाख खरे, ते सगळ्यांनी मिळून पाहू.

प्रथम वाद्य ओळखून घ्यावे. क्लॅरिनेट पाच तुकड्यांचा असतो. तोंडात धरायचा तुकडा, त्याखाली पिंपासारखा आखूड तुकडा, मग वरची कांडी, खालची कांडी, आणि शेवटी कर्णा. उसाची पेरे एकापुढे एक असावीत तसे हे तुकडे एकमेकांत बसतात. सांध्यावर बुचाचा पातळ थर असतो, म्हणून हवा निसटत नाही. सगळे जोडले म्हणजे लांबी सुमारे दोन फूट दोन इंच भरते. तोंडाच्या तुकड्याला वेताची पातळ पत्ती बांधतात. ती पत्ती थरथरते व आवाज निघतो. सनईला अशा दोन पत्त्या लागतात, क्लॅरिनेटला एकच. ही पत्ती ज्या झाडाची करतात ते आपल्या बोरूच्या जातीचे असते. ज्या बोरूने आमचे आजोबा अक्षरे गिरवीत, त्याच्याच एका भावाने हा बाजा बोलतो.

हे वाद्य इकडचे नव्हे. सन १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी डेन्नर नावाच्या कारागिराने ते घडविले. १८१२ साली म्युलर नावाच्या वादकाने तेरा चाव्यांचा क्लॅरिनेट पुढे आणला. पुढे १८४३ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोझे व ब्युफे या दोघांनी नवी रचना केली. तिच्यात सतरा चाव्या आणि सहा कड्या असतात. आज जगात बहुतेक ठिकाणी ही नवी रचनाच चालते. आपल्याकडचे बँडवाले मात्र पुष्कळ काळ जुन्या रचनेवरच वाजवीत आले. त्यात तोटाच होता असे समजू नका. जुन्या रचनेत बोटाखाली उघडी भोके जास्त असतात. बोट हळूहळू सरकवून स्वर ओढता येतो, मींड घेता येते. आपल्या गाण्याला ते फार सोयीचे. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटच्या तबकड्या एके काळी घरोघर वाजत. तमिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवून नाव मिळविले. रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी त्यावर हिंदुस्थानी राग वाजवीत. म्हणजे बाजा परदेशी खरा, पण तो आपल्या घरात नांदला.

आता आजींचा बाजा. वर्गातल्या सुनांना आम्ही चाव्या मोजायला सांगितल्या. एकीने मोजल्या, तेरा. दुसरीने मोजल्या, तेरा. म्हणजे रचना जुनी.

लाकूड काळेभोर, जड. हे आफ्रिकेतील काळे लाकूड. आपल्या शिसवीच्या कुळातलेच ते झाड आहे. काही क्लॅरिनेट काळ्या कडक रबराचेही असतात, त्यास एबोनाइट म्हणतात. दोन्ही दुरून सारखेच दिसतात. पण लाकडाला रेषा असतात. एबोनाइट उन्हात व उजेडात राहिले की तपकिरी-हिरवट पडते. आजींच्या बाजाचे अंग लाकडाचे, आणि तोंडाचा तुकडा एबोनाइटचा निघाला.

चाव्या पांढऱ्या चमकदार. येथे आम्हीच आधी चुकलो. आम्ही म्हणालो, चांदीच्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी गावातल्या सोनाराकडे नेल्या. त्याने एक चावी घासून पाहिली आणि हसला. “गुरुजी, हे जर्मन सिल्व्हर.” जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांची ती मिश्र धातू. आपल्या घरात त्याची ताटे-वाट्या असतात, तेच हे. नावावर जाऊ नये हे आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकविले, आणि म्हातारपणी आम्हीच नावावर गेलो!

सोनाराच्या काट्यावर बाजाचे वजनही केले. सगळा मिळून पाऊण किलो भरला. त्यात धातू पाव किलोच्या आसपास असावी. त्या दिवसाच्या मोडीच्या भावाने तिचे दोनशे रुपयेसुद्धा येत नव्हते. लाकडाचे मोडीत काहीच येत नाही. आता विचार करा. ज्या मालाचे भंगारात दोनशे येत नाहीत, त्याला भंगारवाला सातशे का देतो? तो काही धर्मादाय करीत नाही. तो भंगाराच्या भावाहून जास्त देऊ लागला, म्हणजे त्याला ते भंगार वाटत नाही. त्याला पुढचे गिऱ्हाईक ठाऊक आहे. सातशे हा आकडा खोटा आहे हे आम्हाला तेथेच कळले. खरा किती, ते अजून कळायचे होते.

मग अक्षरे वाचली. वरच्या कांडीवर व कर्ण्यावर इंग्रजी अक्षरे कोरलेली होती. झिजलेली, मळ भरलेली. आजींची नात सातवीत शिकते. तिने ओल्या फडक्याने पुसून, खडूची पूड चोळून, एकेक अक्षर वाचले. ‘हॉक्स अँड सन, लंडन.’ हॉक्स ही लंडनची बाजे करणारी जुनी कंपनी. १९३० साली ती बूझी नावाच्या दुसऱ्या कंपनीत मिळाली, आणि पुढे मालावर ‘बूझी अँड हॉक्स’ असे जोडनाव येऊ लागले. आजींच्या बाजावर हॉक्सचे एकट्याचेच नाव. म्हणजे तो १९३० च्या आधीचा धरायला हरकत नाही. पाहा, एका नावावरून वय कळले. बैलाचे वय दातावरून काढतात, तसे बाजाचे वय छापावरून निघते.

त्याच नावाखाली आणखी दोन अक्षरे होती. नातीने वाचली, “एच. पी.” वर्गात एकच हशा पिकला. आमच्या गावात एच. पी. म्हणजे विहिरीवरची मोटर. तीन एच. पी., पाच एच. पी. एक म्हातारे म्हणाले, “आजी, तुमच्या बाज्यात मोटर हाय व्हय?”

पण हीच दोन अक्षरे सर्वांत महत्त्वाची निघाली. त्यांचा अर्थ ‘हाय पिच’, म्हणजे उंच पट्टी. पूर्वी इंग्लंडात बँडची पट्टी आजच्यापेक्षा चढी होती. आज ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ते ठरले. जुन्या चढ्या पट्टीत तोच स्वर सुमारे ४५२ कंपनांचा होता. इंग्रजी फौजेच्या बँडांनी ही चढी पट्टी १९२८-२९ च्या सुमारास सोडली. तेव्हा जुने बाजे निकामी झाले. पलटणींनी काढून टाकलेले बाजे आपल्याकडील बँडवाल्यांनी स्वस्तात घेतले, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाजविले.

हे पुस्तकातले. खरे की खोटे ते पाहण्यासाठी आम्ही बाजा मंदिरात नेला. शेजारच्या गावचा एक क्लॅरिनेटवाला बोलावला. त्याने आपली पत्ती लावली व फुंकर घातली. काही चाव्यांतून हवा जात होती, तरी तीन-चार स्वर स्वच्छ निघाले. भजनी मंडळाच्या पेटीवाल्याने पेटी धरली. क्लॅरिनेटचा मूळ स्वर पेटीवर काळी पाचला मिळायला हवा. मिळेना. पांढरी सात दाबली. तरी मिळेना. स्वर दोहोंच्या मधोमध लोंबकळत होता. वादकाने पिंपासारखा तुकडा थोडा बाहेर ओढून पाहिला. त्याने स्वर उतरतो. पण एक स्वर जुळला की दुसरा निसटे. शेवटी एका पोराने मोबाइलवर कंपने मोजली. आकडा आला ४५२. पेटी खोटी नव्हती, बाजाही खोटा नव्हता. दोघांच्या पट्ट्याच वेगळ्या.

आता दोन लाखांचा उलगडा करू. चुलतभावाला आम्ही ते मोबाइलवरचे पान पुन्हा उघडायला लावले. त्यावरचा क्लॅरिनेट पॅरिसचा, ब्युफे क्रॅम्पाँ कंपनीचा, नव्या रचनेचा, कोरा करकरीत. मोठ्या वाद्यवृंदात वाजविणारे लोक असले बाजे घेतात, आणि त्यांना लाखांनी पैसे पडतात हे खरे. पण त्यावरून आजींच्या बाजाची किंमत धरणे म्हणजे नव्या ट्रॅक्टरचा भाव ऐकून आपल्या जुन्या तिफणीला तोच मागणे. दुसऱ्या पानावर जुनाच बाजा होता, पण तेथे लिहिलेला आकडा विकणाऱ्याने मागितलेला होता. मागितलेली किंमत वेगळी, मिळालेली वेगळी. हिंगोलीच्या बाजारात हळद घेऊन जाणाऱ्यास हे सांगायला नको. मनात कितीही भाव असला तरी सौदा पुकारला जातो तोच खरा. आणि हळदीचा भाव निदान रोज पाटीवर लागतो. क्लॅरिनेटला पाटी नाही.

“पण गुरुजी, शंभर वर्षांचा हाय म्हणल्यावर किंमत वाढंल की!” थोरला मुलगा म्हणाला. त्याचे म्हणणे सरळ वाटते. जुने व्हायोलिन लाखांना जाते हे आपण ऐकतो. पण फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्याचे तसे नाही. त्यात रोज ओली हवा जाते. लाकूड फुगते, आकसते, चिरते. शिवाय रचना बदलली की जुने मागे पडते. म्हणून नुसत्या वयाने क्लॅरिनेटची किंमत वाढत नाही. फार दुर्मिळ असेल, मोठ्या वादकाचा असेल आणि तसा कागद असेल, तरच गोष्ट निराळी.

कागदावरून आठवले. गावात एक कथा आहे की, हा बाजा हिंगोलीच्या छावणीतला. हिंगोलीस निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती, हे खरे. १९०३ साली ती उठली, हेही खरे. पलटण म्हटली की बँड आलाच. कथा ऐकायला गोड आहे. पण आजींच्या यजमानांनी बाजा नांदेडच्या एका उस्तादाकडून घेतला, एवढेच घरात ठाऊक. बाजावर पलटणीचा छाप नाही, चिठ्ठीचपाटी नाही. जिला पुरावा नाही त्या कथेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. आम्ही ती कथा हिशेबात धरली नाही. गावाने खुशाल सांगत राहावे.

एक गोष्ट आमच्या धाकट्याला सांगावी लागली. तो म्हणे, परदेशी पाठवू, तिकडे जास्त मिळतील. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरील कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. वस्तू त्यात मोडते की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ठरवून घ्यावे लागते. चार-पाच हजारांच्या मालासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

त्यानंतर आम्ही, आजी आणि दोघे मुलगे असे एस.टी.ने नांदेडला गेलो. दोघे भाऊ एका बाकावर बसले नाहीत. तेथे बाजे दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याने चष्मा लावला, बाजा उजेडात धरला. वरच्या कांडीवर नखाने चाचपून एक बारीक चीर दाखविली. मग खालचे तोंड तळहाताने बंद केले, भोके बोटांनी झाकली, वरून हवा ओढली आणि वाट पाहिली. हवा लगेच आत शिरली. म्हणाला, “पॅड सगळे गेले.” चावीखाली मऊ गादी असते, तिला पॅड म्हणतात. ती वाळली की भोक नीट झाकत नाही. मग त्याने मोल सांगितले, आणि आजींनी आपल्या वहीत आकडे लिहून घेतले. आकडे त्या कारागिराचे व त्या दिवसाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पॅड १३, प्रत्येकी १२० रुपये … १,५६०
सांध्यांची बुचे … ४००
दोन स्प्रिंगा … २००
चीर भरणे … ६००
मजुरी … १,०००
एकूण दुरुस्ती … ३,७६०

असा जुन्या रचनेचा बाजा दुरुस्त होऊन आजच्या पट्टीत वाजत असता, तर बँडवाल्याने १०,००० दिले असते, असे तो म्हणाला. त्यातून दुरुस्ती वजा करा. १०,००० उणे ३,७६० म्हणजे ६,२४०. पण हा चढ्या पट्टीचा. त्याला गिऱ्हाईक कमी. त्याबद्दल त्याने आणखी २,५०० कापले. उरले ३,७४०. “मी साडेतीन हजार रोख देतो,” असे तो शेवटी म्हणाला.

वजाबाकी आजींनी स्वतः केली. हातचा घेताना एकदा चुकल्या, पुन्हा केली. धाकटा मुलगा वाकून वहीत पाहत होता. थोरलाही पाहू लागला. दोन लाखांचे साडेतीन हजार झाले होते. थोरला हळूच म्हणाला, “एवढ्यासाठी आपण पंधरा दिस बोललो न्हाई का रे?” धाकटा काही बोलला नाही. पण परतताना दोघे एकाच बाकावर बसले.

बाजा त्या दिवशी विकला नाही. आम्हीच थांबा म्हटले. कारण मंदिरात बाजा फुंकून पाहणारा तो शेजारगावचा वादक आमच्या मनात होता. त्याचा मेळ हलगी, ताशा आणि ढोल यांचा. पेटी नाही, दुसरा क्लॅरिनेट नाही. चामड्याच्या वाद्याला काळी पाच आणि पांढरी सात यांचे काय? क्लॅरिनेट ज्या पट्टीत बोलेल ती मेळाची पट्टी. आजींच्या यजमानांचेही असेच होते. चाळीस वर्षे ते चढ्या पट्टीत वाजवीत राहिले, आणि एकाही वरातीत कुणाला खटकले नाही. कारागिराने जे २,५०० कापले, ते पेटीबरोबर वाजविणाऱ्यासाठी रास्त होते. हलगीबरोबर वाजविणाऱ्याला ते कापण्याचे कारणच नव्हते. म्हणजे त्या माणसापाशी बोलणी ३,७४० आणि ६,२४० यांच्या दरम्यान व्हायला हवीत, हे आजींना आधीच ठाऊक झाले. असे दोन आकडे हाती असले की घासाघीस करताना तोंड कोरडे पडत नाही.

तो वादक आला. त्याने चार हजार सांगितले. आजींनी सहा सांगितले. पट्टीची व चिरेची गोष्ट आजींनी स्वतःहून सांगितली, लपविली नाही. तो म्हणाला, “मला म्हाईत हाय, मायबाई, मंदिरात मीच फुंकला न्हवं का!” चहा झाला. पाच हजारांवर दोघे थांबले.

पावती आजींच्या नातीने लिहिली. आजींनी ती बोट ठेवून मोठ्याने वाचली आणि मध्येच थांबल्या. पावतीत ‘क्लॅरिनेट पेटीसह’ असे लिहिले होते. आजी म्हणाल्या, “पेटी मी दिली न्हाई.” नातीने ‘पेटीसह’ खोडले, वर ‘पेटीशिवाय’ लिहिले, आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घेतल्या. वादकाने बाजा धोतराच्या धडप्यात गुंडाळून नेला. पाच हजारांचे अडीच-अडीच आजींनी दोघा मुलांपुढे ठेवले. दोघांनीही ते घेतले नाहीत, म्हणून बँकेत आजींच्याच खात्यात भरले. भरणाचिठ्ठी आजींनीच लिहिली. रिकामी पेटी आता रोज रात्री वर्गात येते. तिच्यात पाटी, वही आणि चष्मा असतो.